उन्हाळ्यात मुलांना इंग्रजी बोलतं करायचंय? शाळेत आणि घरी जमतील असे उपक्रम

होळी झाली की जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात. पोरं सकाळी लवकर येतात आणि ऊन चढायच्या आत घरी परततात. शेवटच्या तासाला पत्रा तापलेला असतो, पंखा असला तर वीज नसते, आणि फळ्यावरची स्पेलिंगं वहीत उतरवताना अर्धा वर्ग पेंगत असतो. इंग्रजीचा तास नेमका अशा वेळी आला तर त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

पण मार्च-एप्रिलचे हे दिवस इंग्रजीसाठी वाया गेलेले समजायचं कारण नाही. धडे बहुतेक संपलेले असतात, परीक्षेची उजळणी सुरू असते आणि उन्हाळा हा विषय तर समोरच हजर असतो. मुलांच्या जिभेवर कैरीची चव असते आणि कपाळावर घाम. त्याच गोष्टी इंग्रजीत बोलायला लावल्या तर मुलं बोलतात. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेली एक पिढी आता आई-बाप झाली आहे. तरीही घराघरातली तक्रार तीच आहे, पोरगं इंग्रजी लिहितं पण बोलत नाही. वाचनाचीही गत फार वेगळी नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार साधी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी मुलं पाचवीत २४.५ टक्के होती आणि आठवीत ४६.७ टक्के. आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना साधं वाक्य वाचता येत नसेल, तर आणखी पाठांतर देऊन काय साधणार?

याच दिवसांत तालुक्याच्या गावी ‘समर स्पोकन इंग्लिश’चे बोर्ड लागतात. ज्यांना फी परवडते ते मुलांना घालतात, बाकीचे हळहळतात. पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चांगल्या वर्गात जे करून घेतात त्यातलं बरंच काही गावच्या शाळेत, लिंबाखाली किंवा ओट्यावर बसूनही होऊ शकतं.

मोबाईलवरचा ‘समर’ आणि आपला उन्हाळा

मोबाईलवर ‘समर ॲक्टिव्हिटी’ शोधलं की रंगीत चित्रं येतात. समुद्रकिनारा, वाळूचा किल्ला, बादली-फावडं, पोहण्याचे कपडे, आइस्क्रीमची गाडी. बरेच शिक्षक त्याच्या प्रिंट काढून वर्गात वाटतात. हेतू चांगला असतो, पण हे कागद इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांसाठी बनवलेले असतात. त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा पेरण्या आटपून भांगलणी चाललेली असते. लंडनमध्ये जूनच्या शेवटी रात्री नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. ऑस्ट्रेलियात तर डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळा. मुलांना हे जरूर सांगावं, त्यांना भारी गंमत वाटते. नकाशा काढून ‘इट इज समर हिअर, इट इज विंटर देअर’ असं एक वाक्य घोटून घ्यायलाही ते बरं पडतं.

मालवण-गुहागरच्या पोराला ‘बीच’ सांगावा लागत नाही. जत, माण किंवा आष्टी तालुक्यातल्या पोराने समुद्र पाहिलेलाच नसतो. न पाहिलेल्या वस्तूचं परक्या भाषेतलं नाव म्हणजे दुप्पट ओझं, आणि परीक्षा झाली की ते विसरतं. उलट ‘शेड’, ‘डस्ट’, ‘वेल’, ‘क्ले पॉट’, ‘बटरमिल्क’, ‘जॅगरी’, ‘टॅमरिंड’, ‘वॉटरमेलन’, ‘स्वेट’ हे शब्द ज्या वस्तूंचे आहेत त्या रोज हाताशी असतात. ‘हँडपंप’, ‘बोअरवेल’, ‘टँकर’ हे तर गावात सगळ्यांच्याच तोंडी आहेत. मुलाला ते इंग्रजी म्हणून कळलेले नसतात एवढंच. म्हणून पहिला उपक्रम सोपा ठेवावा. ‘आपल्याला आधीच येणारं उन्हाळ्याचं इंग्रजी’ मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्यायचं. कूलर, फ्रीज, कॅप, गॉगल, आइस, बाटली भरली की ‘बॉटल’. दहा मिनिटांत पंचवीस-तीस शब्द निघतात आणि ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणणारं पोर पहिल्यांदा छाती काढून बसतं.

आता कुरडई, सांडगे, करवंद यांना इंग्रजीत काय म्हणायचं, असा प्रश्न येतोच. कुरडईला कुरडईच म्हणावं. प्रत्येक शब्दाला इंग्रजी जोड शोधत बसू नये. त्याऐवजी नाव न घेता ती वस्तू सांगायचा खेळ घ्यावा. ‘वी मेक इट फ्रॉम व्हीट. वी ड्राय इट इन द सन. इट इज व्हाइट. वी फ्राय इट. व्हॉट इज इट?’ एवढं सांगता आलं म्हणजे इंग्रजी आलं की! इंग्रजीनेही आपल्याकडून शब्द घेतलेत. ‘मँगो’ हा दक्षिणेतल्या तमिळ-मल्याळममधून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. ‘मंगूस’ तर आपल्या मुंगसावरूनच आला. मुलांना हे सांगितलं की इंग्रजीची भीती जरा कमी होते.

आधी हुकूम, मग बोलणं

पहिली-दुसरीच्या मुलांना आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या कुठल्याही वयाच्या मुलाला आधी बोलायला लावूच नये. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक पद्धत मांडली. शिक्षकाने आज्ञा द्यायची, मुलांनी ती अंगाने करून दाखवायची. लहान मूल बोलायच्या कितीतरी आधी ‘ये’, ‘बस’, ‘दे’ समजून तसं वागतं. तोच क्रम इथेही पाळायचा.

उन्हाळ्याच्या आज्ञा भरपूर सापडतात. ‘पुट ऑन युवर कॅप’, ‘वाइप युवर फेस’, ‘ड्रिंक सम वॉटर’, ‘सिट इन द शेड’, ‘फॅन युवर फ्रेंड’, ‘पिक अ मँगो’, ‘स्मेल इट’, ‘कट इट’, ‘ईट इट, ओह, इट इज सोअर!’ शिक्षकाने पहिल्या दोन वेळा स्वतः करून दाखवावं, तिसऱ्यांदा नुसतं म्हणावं. आंबट कैरी खाल्ल्यावरचा चेहरा करायला सांगितला की वर्ग जागा होतो. दोन-तीन दिवसांनी आज्ञा द्यायचं काम एखाद्या मुलीकडे सोपवावं. ‘राजाने सांगितलं’सारखा खेळही जोडता येतो. ‘प्लीज’ म्हटलं तरच करायचं, नाही तर बाद.

हा उपक्रम फसतो तो एकाच कारणाने. शिक्षक ‘सिट इन द शेड’ म्हणतात आणि लगेच ‘सावलीत बसा’ असं मराठीही सांगून टाकतात. मग मुलं इंग्रजीकडे कान देतच नाहीत, पुढच्या मराठीची वाट बघतात. अर्थ हातवाऱ्याने, चित्राने, वस्तू दाखवून कळू द्यावा. मराठीवर बंदी घालायची गरज नाही, खेळाचे नियम मराठीतच सांगावेत. फक्त आज्ञेच्या शेपटीला भाषांतर लावू नये.

सावली एक, शब्द दोन

मराठीत झाडाची सावली आणि आपली जमिनीवर पडणारी सावली, दोन्ही सावलीच. इंग्रजीत ज्यात आपण बसतो ती ‘शेड’ आणि जी आपल्या मागे-पुढे चालते ती ‘शॅडो’. नुसतं सांगून हा फरक डोक्यात राहत नाही. तो करून बघावा लागतो.

मैदानात एक काठी उभी रोवायची. सकाळी आठ, नऊ आणि दहा वाजता तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने किंवा दगडाने खूण करायची आणि दोरीने मापायची. मुलांनी म्हणायचं, ‘ॲट एट ओ’क्लॉक द शॅडो इज लाँग. ॲट नाइन इट इज शॉर्टर. ॲट टेन इट इज व्हेरी शॉर्ट.’ यात मोजमापही होतं, घड्याळही येतं आणि ‘लाँग-लाँगर’, ‘शॉर्ट-शॉर्टर’ही येतं. तेच वाक्य तापमानाला लावावं, ‘टुडे इज हॉटर दॅन यस्टर्डे.’ शाळेत थर्मामीटर नसेल तर हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप शिक्षकांच्या मोबाईलवर चालतं. त्यातलं ‘मॅक्सिमम’, ‘मिनिमम’, ‘ह्युमिडिटी’ वाचून फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा तक्ता भरायचं काम पाळीपाळीने मुलांकडे द्यावं.

सुट्टीत याचाच पुढचा भाग घरी होतो. मे महिन्यात एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. सिंधुदुर्गाकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३ मेच्या सुमारास, मुंबईला १५ मेच्या सुमारास आणि नागपूरला २६ मेच्या आसपास येतो. पश्चिम महाराष्ट्रात वेळ साधारण साडेबाराची, विदर्भात त्याच्या थोडी आधी. अंगणात पाण्याची भरलेली बाटली उभी ठेवायची, सावलीत उभं राहून लक्ष ठेवायचं आणि ‘देअर इज नो शॅडो’ हे वाक्य फोटोसकट गुरुजींना पाठवायचं. पोराला भर उन्हात उभं करू नये, बाटलीवर काम भागतं.

सरबतात दडलेलं व्याकरण

‘किती लिंबं?’ आणि ‘किती साखर?’ मराठीत दोन्हीकडे ‘किती’च. इंग्रजीत मोजता येणाऱ्या वस्तूला ‘हाउ मेनी’ आणि न मोजता येणाऱ्याला ‘हाउ मच’. सातवी-आठवीची मुलंही इथे अडखळतात, कारण आपल्या भाषेत हा भेद नाही. पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरून तो पक्का होत नाही. सरबत करताना होतो.

लिंबाचं सरबत चुलीशिवाय होतं, म्हणून वर्गात तेच घ्यावं. चार-पाच मुलांचा गट, एक स्वच्छ पातेलं, पिण्याचं पाणी, लिंबं, साखर, चिमूटभर मीठ. गटातल्या एकाच मुलाच्या हातात कृतीची चिठ्ठी द्यायची, बाकीच्यांनी विचारायचं. ‘हाउ मेनी लेमन्स?’ ‘थ्री लेमन्स.’ ‘हाउ मच शुगर?’ ‘फाइव्ह स्पून्स.’ ‘हाउ मच सॉल्ट?’ ‘अ पिंच.’ नीट विचारलं नाही तर सरबत बिघडतं. खरी गोम हीच आहे. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याला ती हवी आहे, आणि इंग्रजीत विचारल्याशिवाय मिळत नाही. आपल्याला आधीच ठाऊक असलेलं शिक्षकाने विचारायचं आणि सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर द्यायचं, याला बोलणं म्हणता येत नाही.

सरबत पिऊन झालं की कृती क्रमाने सांगायची. ‘फर्स्ट वी कट द लेमन्स. देन वी स्क्वीज देम. आफ्टर दॅट वी ॲड शुगर अँड सॉल्ट. वी पोअर वॉटर अँड स्टर. फायनली वी ड्रिंक इट.’ सुरी शिक्षकांच्याच हातात ठेवावी.

पन्हं घरी. कैऱ्या उकडायच्या, साल काढून गर कुस्करायचा, गूळ, मीठ, वेलची घालून पाण्यात ढवळायचं. आई किंवा आजी करत असताना मुलाने शेजारी बसून ‘बॉइल’, ‘पील’, ‘मॅश’, ‘ॲड’, ‘स्टर’ असं त्या त्या वेळी म्हणायचं. आजी हसेल, हसू द्यावं. आठ दिवसांत आजीही ‘स्टर’ म्हणायला लागते.

वर्गात भरतो आठवडी बाजार

गावातल्या मुलांना बाजार शिकवावा लागत नाही. भाव कसा पाडायचा, कलिंगड कसं वाजवून बघायचं, सुट्टे पैसे कसे परत घ्यायचे, हे त्यांना मास्तरांपेक्षा जास्त कळतं. त्यामुळे बाजाराचा उपक्रम बहुतेक वर्गांत रंगतो.

अर्धा वर्ग विक्रेता, अर्धा गिऱ्हाईक. कलिंगड, काकडी, कैरी, चिंच, टोप्या, माठ, केरसुण्या. खऱ्या वस्तू जमल्या तर उत्तम, नाही तर चित्रं चालतात. खोट्या नोटा मुलांनीच कागदावर बनवायच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक यादी आणि शंभर रुपये. वाक्यं मोजकी, फळ्यावर लिहिलेली असावीत. ‘हाउ मच इज धिस?’ ‘फिफ्टी रुपीज.’ ‘इट इज टू कॉस्टली. प्लीज गिव्ह इट फॉर फॉर्टी.’ ‘नो, फॉर्टी-फाइव्ह, लास्ट प्राइस.’ ‘इज इट स्वीट?’ ‘टेस्ट इट!’

मोठ्या वर्गांसाठी थोडं अवघड करावं. दोन मुलांना भावाची एकच यादी द्यायची, पण एकाच्या यादीत निम्मे भाव खोडलेले, दुसऱ्याच्या यादीत उरलेले निम्मे. एकमेकांची यादी न बघता विचारून पूर्ण करायची. याला फार तर दोन कागद लागतात आणि सहावी-सातवीची जोडी पंधरा मिनिटं सलग इंग्रजीत बोलते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गल्लत झाली की भाव चुकतो आणि मुलं आपणच परत विचारतात, ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ अशी गरज पडल्यावर आलेला प्रश्न पाठ केलेल्या दहा प्रश्नांपेक्षा मोलाचा.

खेळ चालू असताना दर वाक्याला चूक काढू नये. पोरगं ‘ही गिव्ह मी टू मँगो’ म्हणालं तर म्हणू द्यावं. शिक्षकांनी सगळ्यांकडून वारंवार होणाऱ्या दोन-तीन चुका कागदावर टिपून ठेवाव्यात आणि बाजार उठल्यावर कोणाचं नाव न घेता फळ्यावर दुरुस्त कराव्यात. बोलतानाच टोकलं तर पुढच्या वेळी ते तोंड उघडत नाही. बऱ्याच वर्गांत इंग्रजी मुकं राहतं ते यामुळे.

मामाचा गाव आणि ‘परवा’चा घोळ

‘परवा आलो’ आणि ‘परवा जाणार’. मराठीत परवा दोन्हीकडे चालतो, क्रियापद ऐकून अर्थ कळतो. इंग्रजीत मागचा परवा ‘द डे बिफोर यस्टर्डे’ आणि पुढचा ‘द डे आफ्टर टुमॉरो’. मुलं काळाच्या रूपांत चुकतात त्याचं थोडं मूळ इथेही आहे. सुट्टीच्या आधी पुढचे बेत आणि सुट्टीनंतर झालेल्या गोष्टी बोलायला लावल्या तर ‘आय विल’ आणि ‘आय वेंट’ यांची आपसूक फोड होते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने तीन वाक्यं सांगायची. ‘आय विल गो टू माय अंकल्स व्हिलेज. आय विल स्विम इन द वेल. आय विल ईट मँगोज.’ मुलं विचारतात, मामा आणि काका दोघंही ‘अंकल’ कसे? इंग्रजीत नात्यांची चणचणच आहे. मामेभाऊ, आतेबहीण, चुलतभाऊ, मावसबहीण सगळे एका ‘कझिन’मध्ये बसतात. ‘माय मदर्स ब्रदर’ असं फोडून सांगायला लावावं, म्हणजे नातंही कळतं आणि ‘चा-ची-चे’ इंग्रजीत कसं लागतं तेही.

आजी-आजोबांची मुलाखत हा याच धाग्यातला उपक्रम. ‘तुमच्या लहानपणी उन्हाळ्यात काय करायचात?’ हे मराठीतच विचारायचं. उत्तरही मराठीतच ऐकायचं. विहिरीवरची मोट, बैलगाडीतून लग्नाला जाणं, रात्री अंगणात झोपणं, पाण्यासाठी केलेली पायपीट. मग त्यातल्या चार गोष्टी वर्गात इंग्रजीत सांगायच्या, ‘माय ग्रँडमदर वॉक्ड फार फॉर वॉटर. शी स्लेप्ट आउटसाइड.’ आजीला इंग्रजीचं अक्षर येत नसलं तरी अभ्यासात तिचा वाटा येतो.

इथेच ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांचा विचार व्हायला हवा. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतली कितीतरी मुलं दिवाळीच्या आसपास आई-बापाबरोबर जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये गावी येतात. वर्ग पुढे गेलेला असतो, पुस्तक कोरं असतं, आणि हे पोर शेवटच्या ओळीत गप्प बसतं. वाचून-लिहून करायचा अभ्यास दिला तर ते आणखीच मागे पडतं. पण हुकूम, बाजार, सरबत यांत वाचनाची अट नाही, पहिल्या दिवसापासून त्याला सगळ्यांच्या बरोबरीने उतरता येतं. शिवाय सांगायला त्याच्याकडे जास्त असतं. कोणता कारखाना, किती लांब, गाडीत काय काय होतं. ‘वी वेंट बाय ट्रक. वी लिव्ह्ड इन अ हट. आय सॉ अ बिग रिव्हर.’ शिक्षकांनी अशा मुलाला नकाशापाशी उभं करून तीनच प्रश्न विचारावेत, ‘व्हेअर डिड यू गो? हाउ डिड यू गो? व्हॉट डिड यू सी?’ वीटभट्टीवरून आलेल्या मुलांनाही हेच लागू. फक्त मुलाला ते सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर आग्रह धरू नये.

जिभेच्या सवयी

उच्चारांचा बाऊ करू नये, पण दोन-तीन गोष्टी उन्हाळ्याच्या शब्दांतच सापडतात. ‘समर’च्या स्पेलिंगमध्ये एम दोनदा येतो म्हणून मुलं ‘सम्मर’ म्हणतात. इंग्रजीत जोड अक्षर दिसलं तरी उच्चार एकदाच असतो. ‘हीट’ म्हणजे उष्णता आणि ‘हिट’ म्हणजे मारणं, इथे दीर्घ-ऱ्हस्व सांभाळावं लागतं. ‘वॉटर’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा, ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. ‘व्हेरी वॉर्म वॉटर’ हे पाच वेळा भरभर म्हणायची शर्यत लावली की हसता हसता सराव होतो.

मराठीत तहान ‘मला लागते’, इंग्रजीत ‘आय एम थर्स्टी’. ‘हंग्री’, ‘टायर्ड’, ‘स्लीपी’ याच साच्यात. आणि ‘हॉट’ म्हणजे गरमही आणि तिखटही. ‘द टी इज हॉट, द ठेचा इज हॉट’ म्हटलं की फरक लगेच कळतो.

एकच शिक्षक, चार इयत्ता

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्यामुळे वाडी-वस्तीच्या शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता असतातच. अशा ठिकाणी प्रत्येक इयत्तेला वेगळा उपक्रम द्यायच्या भानगडीत पडू नये. वस्तू एकच ठेवावी, काम वेगळं द्यावं. कलिंगड मधे ठेवलं तर पहिलीने ‘वॉटरमेलन, ग्रीन, रेड, बिग’ म्हणायचं. तिसरीने ‘इट इज ग्रीन आउटसाइड अँड रेड इनसाइड’ असं वाक्य करायचं. पाचवीने ‘व्हेअर डज इट ग्रो? हाउ मेनी सीड्स आर देअर?’ असे प्रश्न तयार करून लहानांना विचारायचे. बिया मोजण्यात अर्धा तास जातो, पण वीसच्या पुढचे आकडे पक्के होतात. कलिंगड शेवटी सगळ्यांनी खायचं.

मैदानातलं काम दहाच्या आत आटपावं, पुढचं सगळं खोलीत किंवा झाडाखाली. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. तसा इशारा असेल त्या दिवशी बाहेरचा खेळ बंद. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ यासाठी ‘आय हॅव अ हेडेक’, ‘आय फील डिझी’ ही वाक्यं शिकवावीत, मात्र ती खरोखर होत असताना मुलाने मराठीत सांगितलं तरी लगेच सावलीत न्यावं, पाणी द्यावं. तिथे इंग्रजीचा आग्रह नको.

सुट्टीत रोज एक ओळ

मे महिन्यात शाळा बंद असते. विदर्भात ऊन जास्त टिकतं म्हणून तिथल्या शाळा बाकी राज्याहून उशिरा उघडतात. या दीड-दोन महिन्यांत वर्षभराचं शिकलेलं विसरतं, हे प्रत्येक शिक्षकाला जूनमध्ये दिसतं. म्हणून सुट्टीचा जाडजूड गृहपाठ देण्यापेक्षा रोज एकच ओळ लिहायला सांगावी. ‘टुडे आय सॉ अ पीकॉक.’ ‘टुडे वॉटर टँकर केम.’ ‘माय सिस्टर गॉट मॅरिड.’ एका ओळीला कोणी कंटाळत नाही. स्पेलिंग चुकलं तर शेजारी चित्र काढावं.

घरी इंग्रजी येणारं कोणी नसलं तरी पालकांना तीन गोष्टी करता येतात. संध्याकाळी विचारायचं, ‘आज कोणता शब्द?’ मग ‘दाखव बरं ती वस्तू.’ आणि तिसरं म्हणजे ‘मला शिकव.’ आई-बापाला शिकवताना मूल तोच शब्द चार वेळा म्हणतं, आणि आपल्याला काहीतरी येतं याचा त्याला अभिमानही वाटतो. पालकांचा उच्चार चुकला तर ते दुरुस्त करतं, करू द्यावं.

घरात स्मार्टफोन असेल तर आठवड्यातून एकदा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज वर्गाच्या ग्रुपवर टाकता येतो. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, यात्रेतला पाळणा, उन्हात घातलेले पापड, काहीही विषय. वाचून दाखवलेला मेसेज लगेच ओळखू येतो, त्यापेक्षा अडखळत बोललेला बरा. रेंज नसलेल्या वाडीत वही पुरते. मोबाईलवर इंग्रजी कार्टून लावून देणं म्हणजे इंग्रजी शिकवणं, असा समज मात्र पालकांनी करून घेऊ नये. मूल बघत राहतं, बोलत काहीच नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दोन दिवसांत या वह्या बाहेर काढाव्यात. दोरी बांधून तिच्यावर प्रत्येकाची आवडती ओळ लिहिलेला कागद टांगायचा. मुलांनी फिरून वाचायचं आणि ज्याची ओळ आवडली त्याला शोधून एक प्रश्न विचारायचा, ‘व्हेअर डिड यू सी द पीकॉक?’ सुट्टीत आजारपणामुळे, कामामुळे किंवा गावी नसल्यामुळे ज्यांना काहीच लिहिता आलं नाही त्यांनी त्याच दिवशी एक ओळ लिहून दोरीवर टांगावी. शिक्षकांनी मदतीला शेजारी बसावं. कोणाचा हुक रिकामा ठेवू नये. हे कागद पुढचा महिनाभर काढू नयेत, पाऊस सुरू झाला की त्यांच्याच खाली ‘रेनी सीझन’चे नवे कागद लावता येतात.